तापीकाठची पहिली माणसे

सुरतेचे नाव काढले की मराठी माणसाच्या मनात पहिल्याने उभे राहतात ते १६६४ च्या जानेवारीतील चार-पाच दिवस. शहराला धड तट नव्हता, मोगलांचा अंमलदार इनायतखान नदीकाठच्या किल्ल्यात दडून बसला होता, इंग्रज आपली वखार लढवीत होते आणि शिवाजी महाराजांची माणसे सराफांच्या पेढ्या मोजून रिकाम्या करीत होती. पुढे १६७० च्या ऑक्टोबरात तेच पुन्हा घडले. त्यानंतर शहराला विटांचा पक्का तट आला. हा इतिहास सुरतेतील मराठी कुटुंबांना पाठ आहे आणि त्याच्या अभिमानाबरोबर थोडा संकोचही त्यांच्या वाट्याला येतो. शेजारच्या गुजराती घरात हीच गोष्ट वेगळ्या स्वरात सांगितली जाते.

या थोड्या दिवसांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्याच नदीच्या काठी त्यापूर्वी तीन-साडेतीन हजार वर्षे माणसे घरे बांधून, धान्य साठवून, मुले वाढवून राहत होती, त्यांच्याविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले. यात नवल नाही. लढाईला बखरकार मिळतो, वखारीतला पत्रव्यवहार मिळतो; चुलीला यांपैकी काहीच मिळत नाही. शंभर वर्षे हा ग्रंथालयाच्या आयुष्यातील मोठा काळ होय. परंतु तापीकाठच्या टेकाडांमध्ये शंभर वर्षांचा थर कधी कधी वीतभरही भरत नाही. त्या थरांत काय सापडले, आणि विशेषतः त्या माणसांच्या जगण्यात युद्धाला कितीसे स्थान होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

तापी ही ७२४ किलोमीटर लांबीची नदी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावते, बऱ्हाणपुरावरून खानदेशात उतरते आणि सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेकडे वाहत सुरतेपाशी समुद्राला मिळते. भारतातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. तापी आणि नर्मदा या दोघी मात्र पश्चिमेला. म्हणून खानदेशचा शेतकरी आणि सुरतेचा व्यापारी यांना जोडणारा हा मार्ग निसर्गानेच आखून ठेवलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्याचा लोहमार्ग झाला तो याच वाटेने, आणि पुढे यंत्रमागाच्या कामासाठी धुळे, जळगाव, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे उधना-लिंबायतीत येऊन राहिली तीही याच वाटेने. ही वाट आगगाडीने शोधून काढलेली नव्हे.

या खोऱ्यातील माणसाचा फार जुना माग चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे लागतो. डॉ. शां. अ. साळी यांनी १९७०च्या दशकात तेथे उत्खनन केले, त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आणि कवचाच्याच एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची कोरीव नक्षी मिळाली. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा खानदेशात शहामृग हिंडत होते, शेती नव्हती, मातीचे भांडे नव्हते. पण कवचाला भोक पाडून गळ्यात घालावे ही हौस होती. उत्तर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे याहून बऱ्याच उत्तरकाळची माणसे गुडघे पोटाशी घेऊन पुरलेली सापडली. तेथे काम करणाऱ्या डॉ. हसमुख सांकळियांच्या पथकात डॉ. इरावती कर्वे होत्या. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ग्रंथालयाच्या सभासदांना त्या परिचित आहेतच, महाभारतातील माणसांची चिकित्सा करण्याआधी त्यांनी गुजरातेतील या निनावी माणसांची हाडे तपासली होती, हे तितकेसे ठाऊक नसते. सांकळिया स्वतः मुंबईत जन्मलेले गुजराती, आणि त्यांची कर्मभूमी पुण्याचे डेक्कन कॉलेज. महाराष्ट्राच्या प्रागितिहासाचा पाया एका गुजराती माणसाने घातला ही गोष्ट सुरतेत तरी आवर्जून आठवावी.

आता सुरतेच्या अगदी जवळ यावे. तापीच्या मुखाच्या परिसरात मालवण नावाचे स्थळ आहे. मराठी वाचकाला हे नाव ऐकताच सिंधुदुर्ग किल्ला आणि सोलकढी आठवेल, परंतु हे मालवण निराळे. येथे १९७० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि केंब्रिज विद्यापीठ यांनी जगत्पती जोशी व रेमंड ऑल्चिन यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातील, म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील, एक छोटी वस्ती तेथे उघडकीस आली. मोहेंजोदडोसारखे रुंद रस्ते नाहीत, स्नानकुंड नाही. उत्तरेला भरूच जिल्ह्यात किम नदीच्या मुखाशी भगतराव हे याच संस्कृतीचे दुसरे ठाणे, ते शि. रं. राव यांनी शोधले. राजपिपळा-रतनपूरच्या डोंगरातील अकीक समुद्रमार्गे नेण्यासाठी ही ठाणी उपयोगी पडत असावीत असा त्यांचा तर्क होता. लोथल हे मोठे बंदर, तर ही त्याची धाकटी भावंडे म्हणावीत. समुद्राच्या भरतीबरोबर वर यायचे, ओहोटीबरोबर खाली जायचे, हा सुरतेच्या नावाड्यांचा क्रम युरोपीय गलबते येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा असणार.

ही माणसे लढत होती काय? प्रश्न साधा दिसतो, पण पुरातत्त्वाच्या क्षेत्रात यावर जितका वाद झाला तितका थोड्याच प्रश्नांवर झाला असेल.

तुलनेसाठी समकालीन सुमेरकडे पाहावे. आजच्या इराकमधील लगाश आणि उम्मा या दोन नगरराज्यांत शेताची सीमा आणि कालव्याचे पाणी यांवरून पिढ्यान्‌पिढ्या वैर चालले होते. इ. स. पूर्व सुमारे २४५० मध्ये लगाशच्या एअन्नातुम राजाने उम्माचा पराभव केला आणि त्याचे चित्र एका शिळेवर कोरून घेतले. तिचे तुकडे सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. ढालीला ढाल लावून भाले पुढे केलेली शिपायांची रांग पायाखाली प्रेते तुडवीत चालली आहे. वरच्या बाजूला गिधाडे माणसांची मुंडकी चोचीत धरून उडत आहेत. बांधाच्या भांडणाचे इतके जुने आणि इतके निर्लज्ज चित्र दुसरे नसेल. पुढे अक्कडचा सार्गन राजा आपल्या लेखात फुशारकीने सांगतो की मेलुहाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे सुमेरशी सिंधू लोकांचा व्यवहार होता, ये-जा होती, पण असली विजयशिळा इकडे एकही सापडलेली नाही. राजाचे चित्र नाही, बंदिवानांच्या रांगा नाहीत. तांब्याचे भाले सापडतात, पण ते पातळ आणि मध्ये कणा नसलेले. जोराने खुपसले तर वाकतील असे. कालीबंगन येथील एका मुद्रेवर दोन पुरुष भाले उगारून एकमेकांवर धावत आहेत आणि मध्ये एक स्त्री आहे, असे एक दृश्य आढळते. ते युद्ध की एखादी कथा, हे ज्याने त्याने ठरवावे.

या शांततेवर पहिला मोठा आघात मॉर्टिमर व्हीलर यांनी केला. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत रस्त्यावर, जिन्यावर अस्ताव्यस्त पडलेले सुमारे ३७ सांगाडे मिळाले होते. व्हीलर हे सैन्यातून आलेले गृहस्थ. १९४७ साली त्यांनी लिहिले की ही आर्यांनी केलेली कत्तल होय आणि ऋग्वेदातील पुरंदर इंद्र या प्रसंगी दोषी ठरतो. वाक्य आकर्षक होते आणि तीस-चाळीस वर्षे ते शाळेच्या पुस्तकांतून फिरत राहिले. १९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी ते सांगाडे कोणत्या थरांत सापडले हे तपासून दाखवले की ते एकाच वेळचे नव्हेत. बालेकिल्ल्यात तर, जेथे शेवटची लढाई व्हायला हवी होती, एकही सांगाडा नव्हता. पुढे हाडांचे परीक्षण करणाऱ्या केनेथ केनेडी यांना फारच थोड्या कवट्यांवर घावाच्या खुणा आढळल्या. इंद्र निर्दोष सुटला.

परंतु याचा उलट अर्थ काढण्याचीही घाई होऊ नये. हल्ली काही उत्साही लेखक सिंधू लोकांना जगातील पहिले अहिंसक म्हणून गौरवतात. हडप्पा येथील सांगाड्यांचा नवा अभ्यास ग्वेन रॉबिन्स शुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नगराच्या उतरत्या काळातील कवट्यांवर मारहाणीच्या खुणा बऱ्याच प्रमाणात दिसून आल्या. व्यवस्था ढासळू लागली तशी माणसे एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली, असा त्याचा सरळ अर्थ. उत्तर प्रदेशातील सिनौली येथे २०१८ साली तांब्याने मढवलेल्या शवपेट्यांबरोबर गाडे आणि तलवारी मिळाल्या. ते युद्धरथ होते की बैलगाड्या यावर अद्याप एकमत नाही. एवढे खरे की विजयशिळा नसणे म्हणजे वैर नसणे नव्हे. गावचे भांडण शिळेवर कोरीत नाहीत.

सिंधूची नगरे खचत होती त्या सुमारास, आणि काही ठिकाणी त्याआधीही, तापीच्या वरच्या अंगाला शेतकऱ्यांची खेडी वसत होती. प्रकाशे हे नंदुरबार जिल्ह्यातील क्षेत्र भाविकांना दक्षिणकाशी म्हणून ठाऊक आहे. तापी आणि गोमाईच्या संगमावरील तेथील टेकाड बा. कृ. थापर यांनी १९५५ च्या सुमारास खणले, तेव्हा तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती मिळाली. तापीकाठच्याच सावळदे या गावावरून एका सबंध संस्कृतीला सावळदा हे नाव मिळाले. तिच्या मडक्यांवरील चित्रे पाहण्यासारखी आहेत. झाडे, पाने, मासे आणि त्यांच्या जोडीला बाणांची टोके व मासे धरण्याचे गळ! ज्या घरातील बाईने हे मडके चुलीपाशी ठेवले तिला बाणाचे चित्र भीतिदायक वाटत नसावे. बाण हे तिच्या लेखी स्वयंपाकाच्याच सामानातले होते. साक्री तालुक्यातील कावठे येथे याच लोकांची खड्ड्यात बांधलेली गोल घरे आढळली. खालच्या अंगाला, सुरत जिल्ह्यात, जोखा येथेही ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती; ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने उजेडात आणली. म्हणजे उगमाकडून मुखाकडे एकाच नदीच्या आधाराने ही खेडी पसरलेली दिसतात.

दक्षिणेकडे, प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक गाडा. सर्वांचे मिळून वजन साठ किलोच्या वर. गाडा सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा, भरीव चाकांचा, आणि त्यात एक पुरुष उभा. पाहणाऱ्याच्या तोंडून प्रथम ‘रथ’ हाच शब्द येतो. पण त्याला जुंपले आहेत बैल. घोडे नाहीत, धनुष्य नाही. या मूर्तींच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. डॉ. म. के. ढवळीकरांसारख्यांनी त्या उत्तर सिंधू काळातील मानल्या, तर धातूच्या पृथक्करणावरून काहींनी शंका घेतली. काळ कोणताही असो, ज्या कारागिराने एवढे ब्राँझ ओतले त्याला तलवार ओतणे अवघड नव्हते. त्याने बैलगाडी ओतली.

मग या खेड्यांत शस्त्र म्हणावे असे काही मिळते की नाही? मिळते. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळतात. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे त्या मिळाल्या, आणि त्याच गावाच्या नावाने पुढे एक संस्कृती ओळखली जाऊ लागली. गारेची पाती मिळतात. पण त्यांचा उपयोग मुख्यतः पीक कापायला आणि मांस चिरायला. आणि मिळतात गोफणगुंडे. ओबडधोबड घडवलेले, मुठीत मावणारे दगडाचे गोळे. नेवासे येथे ते मोठ्या संख्येने निघाले. मोहेंजोदडोतही भाजक्या मातीचे असे गोळे सापडले आहेत. गोफण हा शब्द मराठीत आणि गुजरातीत अगदी एकच आहे, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते. माळ्यावर उभे राहून जोंधळ्यावरची पाखरे हाकलणारी पोरे तिच्यात दगड घालतात. तीच गोफण अडचणीच्या वेळी रानडुकरावर, लांडग्यावर आणि माणसावरही चालते. भिल्लांच्या आणि मावळ्यांच्या हातात ती अगदी अलीकडच्या काळापर्यंत होती. उत्खननात गुंडा सापडतो तेव्हा तो पाखरासाठी ठेवला होता की शेजारगावच्या माणसासाठी, हे दगड सांगत नाही. बहुधा ठेवणाऱ्यानेही ते ठरवलेले नसावे.

प्रकाशे, जोखा या ठिकाणी खणलेले चर लहान होते. त्यांतून सबंध गावाचे चित्र उभे राहत नाही. ते पाहायचे तर तापीचे खोरे सोडून घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्यातील इनामगावला जावे लागते. तेथे राहणारी माणसे याच ताम्रपाषाणयुगीन परंपरेतील. डेक्कन कॉलेजने सांकळिया, ढवळीकर आणि झै. द. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ ते १९८२ अशी बारा-चौदा वर्षे हे एकच गाव खणले. शंभराहून अधिक घरे उघडी झाली. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तेथे वस्ती होती.

घरे चौकोनी, कुडाची, वरून मातीने लिंपलेली. आत चूल, चुलीपाशी भांडे टेकवायला मातीचे उंचवटे, कोपऱ्यात धान्याची कणगी ठेवण्यासाठी गोल ओटा आणि जमिनीत चुन्याने लिंपलेले पेव. कणगी आणि पेव या दोन्ही शब्दांशी खानदेशातून आलेल्या आजीबाईंचा परिचय आजही असेल. मुख्य पीक जव, त्याशिवाय मसूर, वाटाणा, कुळीथ, रानातली बोरे. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या. दळण दगडी पाट्यावर, पुढे-मागे रगडून. गोल फिरणारे जाते आपल्याकडे त्यानंतर पुष्कळ शतकांनी आले, तेव्हा या बायकांनी दळताना काही म्हटले असेलच तर त्याची लय जात्यावरच्या ओवीची नक्कीच नव्हती. तांबड्या मडक्यांवर काळ्या रंगाने नक्षी; भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणीत नाद यावा. लांब तोटीची पाण्याची भांडी ही या लोकांची खूण. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. तेथे गावचा प्रमुख राहत असावा आणि कोठाराची सत्ता त्याच्याकडे असावी, असा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. सत्ता म्हणजे किल्ली, ही गोष्ट तेव्हापासूनची दिसते.

गावाला तट होता. माती आणि दगड-गोट्यांचा, बाहेरून खंदक असलेला. येथे युद्धाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. नदी शेजारीच असल्याने हा तट पुरासाठी होता असे म्हणता येते; गावाने नदीचे पाणी शेताकडे वळवण्यासाठी पाट काढला होता, हेही उत्खननात दिसले आहे. सुरतेच्या रहिवाशाला हे समजावून सांगावे लागू नये. येथे पुराला ‘रेल’ म्हणतात, आणि १९६८ ची रेल व २००६ च्या ऑगस्टमधील रेल पाहिलेल्या माणसाला पाण्याविरुद्ध भिंत बांधावीशी वाटणे अगदी स्वाभाविक वाटेल. तथापि कोठार असलेल्या गावाला केवळ पाण्याचीच भीती असते असे नाही. पावसाळा हुकला की शेजारचे उपाशी गाव कोठे पाहणार? तटामागे दोन्ही भये असावीत असे मानणे अधिक सयुक्तिक. परंतु नऊशे वर्षांच्या थरांत गाव जाळून लुटल्याचा पुरावा म्हणून बोट दाखवावे असे काही नाही. सांगाड्यांतही लढाईत पडलेल्यांची रास नाही.

जे सांगाडे आहेत ते मुलांचे. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांत बालकांची संख्या फार मोठी आहे. मूल गेले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत त्याला निजवीत आणि घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरीत. जवळ लहान वाट्या, तोटीचे भांडे. मोठ्या माणसांना सरळ निजवून पुरीत, पण बहुधा घोट्यापासून पावले तोडून. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, म्हणून असे करीत असावेत, अशी एक उपपत्ती आहे. आजच्या वाचकाला ते क्रूर वाटेल. परंतु ज्याला शत्रू मानले त्याची पावले तोडून कोणी त्याला आपल्याच चुलीखाली ठेवीत नाही. एका चार पायांच्या मातीच्या मोठ्या पेटीत बसवून पुरलेला एक पुरुष मात्र पावलांसह होता. तो गावचा प्रमुख असावा असे मानतात. एका घरात जमिनीखाली मातीच्या लहान पेटीत शीर नसलेल्या देवीची मूर्ती आणि तिच्यासोबत बैल मिळाला. मुलांच्या रक्षणासाठी ती असावी, हा ढवळीकरांचा तर्क, आणि त्या घरांखालच्या रांजणांची संख्या पाहता तो पटण्यासारखा आहे. या गावांचे खरे युद्ध कोणाशी चालले होते आणि त्यात कोण पडत होते, ते या रांजणांवरून कळते.

नेवासे म्हटले की ज्ञानेश्वरी आठवते. त्याच नेवाशात १९५४ ते ५६ या काळात सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा एका बालकाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला दोरा कुजायचा राहिला होता. मुंबईच्या प्रयोगशाळेत तो तपासला गेला, तेव्हा तो रेशमाचा निघाला, कापसाच्या तंतूंवर कातलेला. काळ इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाचा. पुणे जिल्ह्यातील चांदोली येथील अशाच एका माळेचा दोरा जवसाच्या धाग्याचा होता. पुढे २००९ साली हडप्पा आणि चन्हुदडो येथील नमुन्यांतही रानटी रेशीम असल्याचे प्रसिद्ध झाले. रेशीम आणि जरीवर जगलेल्या सुरतेला या दोऱ्याचे मोल सांगावे लागत नाही. तांबे तेव्हा दुर्मीळ होते. दूरवरून येत होते. त्याच तांब्याची कुऱ्हाड होऊ शकते, बाणाचे टोक होऊ शकते. नेवाशाच्या त्या घरातील माणसांनी त्याचे मणी केले, घरातला सर्वांत तलम दोरा काढला, माळ ओवली आणि ती परत काढून न घेता लेकराबरोबर मातीत जाऊ दिली.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास तापी-प्रवरेकडील बहुतेक खेडी ओस पडली. पाऊस कमी झाला असावा असे मत आहे. इनामगाव तीनशे वर्षे अधिक टिकले, पण कसे? चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली, मडक्यांची भाजणी उतरली. दातांवर आणि हाडांवर कुपोषणाच्या खुणा दिसतात. अखेरीस तेही उठले. कोणी हाकलले म्हणून नव्हे. ही माणसे कोठे गेली असतील, याचे नेमके उत्तर देता येत नसले तरी नदीकाठचा माणूस दुष्काळात कोणत्या दिशेने चालू लागतो, हे खानदेशने नंतर अनेक वेळा पाहिले आहे.

त्यानंतर तापीकाठी लोखंड आले. सुरत जिल्ह्यातील धातवा येथे बडोद्याच्या विद्यापीठाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या उत्खननात लोहकामाचा पुरावा मिळाला आणि लोखंडाच्या मळीचे ढीग मिळाले. तांबे दूरवरून आणावे लागे, लोखंडाचा धोंडा तसा दुर्मीळ नव्हता. आता जंगल तोडता येऊ लागले, काळी जमीन खोल नांगरता येऊ लागली. आणि भाला असा करता येऊ लागला की तो वाकू नये. थोड्याच शतकांत नदीकाठी कामरेजसारखी बंदरे उभी राहिली, राजे आले, नाणी आली, सैन्ये आली, आणि लिहिणारेही आले. धातव्याच्या मळीत भाल्यांचे लोखंड किती आणि कोयत्या-नांगरांचे किती, हे मात्र त्या ढिगांवरून ओळखता येत नाही.